न पाहिलेली अकरा घरं

रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर सुलभानं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं पुसलं, आणि फॉर्मांची फाइल उघडून म्हणाली, "हं, सांगा." आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. मी सांगायचं, तिनं लिहायचं. मी सातवी पास, तीही वरच्या वर्गात ढकललेली. सुलभा जुनी मॅट्रिक. तिचं इंग्रजी अक्षर असं की सांता क्लारात लोक विचारायचे, काकू कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये होत्या?

"घर चौथं," ती म्हणाली. "दिवा चालू?"

"चालू."

"नंबराची पट्टी?"

"आहे. कोपऱ्याला जरा उचकटलीय."

"विशेष काही?"

"दाराला पिवळा रंग. दारातच डुक्कर बांधलेलं."

"डुक्कर! आणि तुम्ही ते ओलांडून आत गेलात?"

"मग काय, त्याला विचारून जाऊ?"

ती पेन बाजूला ठेवून हसली. "आंघोळ केलीत ना नंतर? का तसेच विमानात बसलात?"

पाचव्या घरात मी एक तोंडाळ म्हातारी घातली. सातव्यात दिव्याखाली अभ्यास करणारी मुलगी घातली. नवव्या घरात नवराबायको भांडत होती म्हणालो, तर विचारते, "कशावरनं?" मी म्हणालो, दिवा कुठल्या खोलीत टांगायचा यावरनं. "कुणाचं बरोबर होतं?" मी म्हणालो, बायकोचं. "मग बरोबर," म्हणाली आणि लिहून घेतलं. अकरा फॉर्म झाले. तिनं टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या आणि चहा टाकला.

त्या अकरा घरांतलं एकही घर मी पाहिलेलं नव्हतं. सगळी तोंडातून निघालेली. आणि सोमवारी सकाळी सुलभा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. आमची शेवटची दुपार मी तिच्याशी खोटं बोलण्यात घालवली, हे त्या डॉक्टरला कुठं माहीत.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला होता. "काका, तुम्ही ते ग्लोबल वॉर्मिंगचं काम करत होतात ना, जरा त्यावर लिहा. काहीतरी इन्स्पायरिंग." मी सांगितलं, बाई, इन्स्पायरिंग माझ्याकडे काही नाही. लाज वाटण्यासारखं आहे, ते चालत असेल तर लिहितो. त्या हसल्या. त्यांना वाटलं काका विनोद करतायत.

मी मूळचा इचलकरंजीचा. मोटार वाइंडिंग आणि पंप दुरुस्ती. मुलगा इथं अमेरिकेत कंप्यूटरमध्ये, त्यानं आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. आलो तेव्हा त्याच्या लाइनीत मंदी होती. धडाधड पोरं घरी बसत होती. मुलाची नोकरी टिकली, पण घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. मला बसून खायची सवय नाही. शेजारच्या मराठी घरांत कुणाचा मिक्सर, कुणाचा गिझर असं करत हिंडायला लागलो. तिथं मंदार भेटला.

मंदार नागपूरचा. मंदीत त्याचीही नोकरी गेली होती. त्यानं स्वतःची एक बारकीशी कंपनी काढली होती, एक खोली आणि दोन टेबलं. त्याच्या बायकोचा गिझर मी अर्ध्या तासात चालू करून दिला, तर म्हणाला, "काका, माझ्याकडे काम कराल?"

"काय काम?"

"बेटांवर जाऊन दिवे मोजायचे."

मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. मी म्हणालो, "आणि मोजून झाले की काय, परत पहिल्यापासून?"

"एक्झॅक्टली काका," तो म्हणाला. "दरवर्षी."

आता हा धंदा काय ते तुम्हा शिकलेल्या लोकांना माझ्यासारख्या अडाण्यानं सांगावं, म्हणजे कमालच. पण मी पुष्कळ इंजिनिअरांना विचारलंय, त्यांना धड सांगता येत नाही. समुद्रात लहान लहान देश आहेत. आपल्या तालुक्याएवढेसुद्धा नाहीत. तिथल्या बाहेरच्या बेटांवर लाइट नाही, लोक रॉकेलचे दिवे लावतात. रॉकेल जळलं की धूर. त्या जागी उन्हावर चालणारा दिवा दिला की तेवढा धूर कमी झाला. आणि इकडे ज्यांना आपला धूर कमी करणं जमत नाही, त्या कंपन्या तो तिकडे कमी झालेला धूर विकत घेतात. म्हणजे एकानं उपास करायचा आणि पुण्य दुसऱ्यानं घ्यायचं. हसू नका, असंच आहे.

पण एका दिव्यानं वाचणार किती? चिमूटभर. आणि तपासणी, कागद, सही-शिक्का यांचा व्याप जेवढा मोठ्या कारखान्याला, तेवढाच चिमूटभराला. म्हणून मंदारची युक्ती अशी की एका देशातले दिवे, दुसऱ्यातल्या चुली, तिसऱ्यातले पाणी तापवायचे बंब, असे सहा बेटांचे सगळे एकत्र बांधायचे. एक मोळी करायची. सुटी काटकी बाजारात कोण घेत नाही, मोळीला गिऱ्हाईक असतं. मोळी विकली गेली की त्यातून पुढच्या घरांना दिवे.

यात माझं काम पाहणीचं. सगळी घरं बघणं शक्य नाही. म्हणून कंप्यूटर चिठ्ठ्या काढतो. ज्या घराची चिठ्ठी निघाली, त्याच घरी जायचं. शेजारचं चालत नाही. घर डोंगरावर असो नाहीतर खाडीपलीकडे. आत जायचं, दिवा पेटवून बघायचा, त्याच्यावरचा नंबर जुळवायचा, आधी रॉकेल किती लागायचं आणि आता किती, ते विचारायचं. मला फॉर्मावर फक्त खुणा आणि आकडे करता येत. घरी आल्यावर ते पक्क्या फॉर्मावर उतरवून बाकीचं लिहिणं सुलभा करायची. मंदारनं तिलाही अर्धवेळ कामावर घेतली होती. तिला त्याचा फार अभिमान. मैत्रिणींना सांगायची, "मी कार्बनमध्ये आहे."

काही नमुने भेटले. एका बेटावरच्या पाद्रीबाबानं सगळ्या वस्तीच्या दिव्यांवरच्या चकचकीत नंबरपट्ट्या काढून आपल्या सायकलला चिकटवल्या होत्या. सायकल सुंदर दिसत होती, पण माझी पंचाईत. त्याला समोर बसवून एकेक पट्टी सोडवली, घरोघर जाऊन परत लावली. निघताना बिचारा सायकलीकडे असा बघत होता की मी नंबर नसलेल्या दोन कोऱ्या पट्ट्या त्याला देऊन आलो. दुसऱ्या एका बेटावर खानावळवाल्या बाईनं पाणी तापवायच्या बंबात कोंबड्या बसवल्या होत्या. म्हणाली, पाणी काय, समुद्रात गरमच असतं. अंडी बघा किती देतात.

गिऱ्हाइकंही तशीच. एकदा मंदारनं मला नमुन्याचा दिवा घेऊन टेक्सासात फ्रिस्कोला पाठवलं. आपल्याच एका गृहस्थांना मुलीच्या लग्नात जेवढा धूर होणार तेवढा बेटांवरून विकत घ्यायचा होता. पाहुण्यांची विमानं, जेवण, होम, सगळा. गृहस्थ म्हणाले, "काका, होमाचा धूर धरायचा का? तो तर पवित्र असतो." मी म्हणालो, "साहेब, धूर तो धूर." तर त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "नको, होमाचा वगळा. अपशकुन होईल." आम्ही होम वगळला.

माझं काम चोख होतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता दुसरं कोणी सांगणार नाही. उन्हात आठ-आठ मैल चाललोय. पायाला फोड आले तरी चिठ्ठीतलं घर सोडलं नाही. सुलभा तशी सोडणारी नव्हतीच. तिचे वडील तलाठी होते. आमच्याकडच्या जुन्या लोकांना माहीत असेल, पिकाची पाहणी करायला शेताच्या बांधावर जायचं असतं. पण बरेच तलाठी चावडीवर चटई टाकून बसायचे, गावातला एखादा जाणता माणूस बोलवायचे, "काय रे, वरच्या आळीची ज्वारी कशी आहे?" "बरी आहे अण्णा." की लिहिली वरच्या आळीची ज्वारी. सुलभाच्या वडलांनी ते कधी केलं नाही, म्हणून त्यांच्या नऊ बदल्या झाल्या. तिला त्या बदल्यांचाही अभिमान. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी पेन थांबवून मला विचारायची, "डोळ्यांनी बघितलंत ना? का चावडीवर बसून?"

"डोळ्यांनी," मी म्हणायचो. खरंच असायचं ते. त्या शेवटच्या खेपेपर्यंत.

आता जे सांगतोय ते मुलालाही आत्ता, हा लेख वाचूनच कळेल. मला पाण्याची भीती वाटते. साधीसुधी नाही, हातपाय गार पडतात. सात-आठ वर्षांचा असताना बापानं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं. सगळी पोरं तशीच शिकली. माझा दोर सुटला. वर काढला तेव्हा मी निळा पडलो होतो म्हणतात. पुढं जन्मभर विहिरींवरचे पंप दुरुस्त केले, पण विहिरीत स्वतः कधी उतरलो नाही. काठावर बसून खालच्या माणसाला हुकूम सोडायचो. लोकांना वाटायचं मिस्त्रींचा रुबाब. सुलभालाही तेच वाटायचं. मी वाटू दिलं.

आणि अशा माणसानं बेटांवरची नोकरी धरली. मोठ्या बेटावर विमान उतरायचं, तिथून बहुतेक घरं पायी नाहीतर गाडीनं. लहान होडी कधी लागलीच तर डोळे मिटून, होडीचा काठ धरून, रामरक्षा म्हणत जायचो. पण ह्या खेपेला जी वस्ती होती, ती मोठ्या बेटापासून लांब, मधे उघडा समुद्र. चिठ्ठीत तिथली अकरा घरं निघाली.

धक्क्यावर गेलो. होडी आलेली होती. लाटा मोठ्या नव्हत्या, हे लिहून ठेवतो. होडीवाला आपल्या पोरीला मांडीवर घेऊन बसला होता, इतक्या साध्या होत्या. कुठं जायचं तेही न विचारता तो म्हणाला, या. मी एक पाय होडीत टाकला. होडी हलली. मी पाय परत घेतला. म्हणालो, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं विमान होतं.

धक्क्यावर एक पिकलेल्या केसांचा गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसायचा. त्याच वस्तीचा होता, तसं त्यानंच सांगितलं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्या वस्तीतले दिवे कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"सगळे चालतात?"

"सगळे चालतात. रोज लावतात."

बस्स. मी तिथंच, त्या धक्क्याच्या दगडावर बसून, अकरा फॉर्मांवर खुणा केल्या. नंबर वाटपाच्या वहीतून उतरवले. सासरे असते तर तोंडात मारली असती.

घरी आल्यावर रविवारी सुलभानं पेन उघडलं. पहिल्याच घराला तिनं विचारलं, "डोळ्यांनी?" आणि मी "डोळ्यांनी" म्हणालो. एकदा म्हटल्यावर मग ते खरं वाटावं म्हणून रंग, डुक्कर, म्हातारी. जेवढं मी सजवत गेलो, तेवढं तिला आवडत गेलं, असं मला वाटलं. तिनं बेटं कधी पाहिली नव्हती. माझ्या तोंडूनच ऐकायची.

तिचे दिवस झाल्यावर मी फाइल घेऊन ऑफिसात गेलो. ते अकरा फॉर्म बाहेर काढायला मला कोणी अडवलं नव्हतं. काढून फाडायचे आणि मंदारला सांगायचं, ही वस्ती राहिली. एवढंच. पण ते तिच्या हातचं शेवटचं लिखाण होतं. फाडायला हात धजला नाही. म्हणून जसेच्या तसे दिले. मंदारनं आकडे कंप्यूटरमध्ये भरले, फॉर्म कपाटात ठेवले.

चार महिन्यांनी तपासणी आली. आमच्यासारख्यांच्या मोळ्या तपासायला बाहेरची माणसं असतात, ती कुणाच्या पगारावर नसल्यासारखी वागतात. ह्या वेळी आली ती कॅरोल म्हणून बाई, ॲन आर्बरची, साठीची, उंच, पांढरे केस कातरलेले. तिच्या जोडीदारानं बेटांवर जाऊन आमचीच घरं परत पाहिली होती. तिनं टेबलावर फोटो मांडले. अकरा फोटो. छप्पर उडालेल्या अकरा घरांच्या भिंती. आत गवत.

ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत देतो. "ही वस्ती वादळात गेली. तुमचा माणूस तिथं गेला म्हणता, त्याच्या आधीच. लोक सगळे मोठ्या बेटावर राहायला आले. दिवेही बरोबर घेऊन आले. धक्क्याच्या मागच्या दोन गल्ल्यांत राहतात. दिवे उत्तम चालू आहेत."

दिवे कसे आहेत, असं मी त्या जाळंवाल्याला विचारलं होतं. त्यानं खरं सांगितलं होतं. कुठं आहेत, एवढं विचारलं असतं तर त्यानं हात मागं करून दाखवलं असतं. मला होडीत बसावंच लागलं नसतं. ती अकराही कुटुंबं माझ्या पाठीमागं, हाकेच्या अंतरावर राहत होती, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून त्यांची घरं खोटी लिहीत बसलो होतो.

"फॉर्मात मात्र पिवळं दार आहे," कॅरोलबाई म्हणाली. "डुक्कर आहे. हे कसं?"

मंदारनं दहा मिनिटांची सुटी मागितली आणि मला बाहेर जिन्यात घेऊन गेला.

"काका, गेला होता का नाही? सरळ सांगा."

"नाही."

त्यानं डोकं धरलं. "काका यार..." मग जिन्यात वरखाली दोनदा झाला. "बघा, ऐका. सर्वेअर खोटं बोलला असं निघालं, तर ही अकरा घरं नाही जाणार. तुम्ही केलेली सगळी घरं जाणार. सहाच्या सहा बेटं. पूर्ण मोळी सुटेल. तिकडे लोक पुढच्या दिव्यांची वाट बघतायत. पण कॉपी करताना चूक झाली असेल, दुसऱ्या बेटाचे फॉर्म ह्या नावांवर उतरवले गेले असतील, तर फक्त अकरा परत करायचे."

"कॉपी तर सुलभा करायची."

मंदार जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "काकूंना आता काय फरक पडणार आहे, काका? तिकडच्या लोकांना पडतो."

मंदार वाईट मुलगा नाही. सुलभा गेली तेव्हा तीन दिवस माझ्या घरी झोपला होता. तो म्हणाला ते चूकही नव्हतं. पण मी जे केलं ते त्या बेटांवरच्या लोकांसाठी केलं, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी भ्यालो होतो. पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी कोरड्या जमिनीवर.

आत गेल्यावर मंदार बोलला. फॉर्म काकांच्या पत्नी लिहायच्या, वय झालं होतं, तब्येत बरी नव्हती, आता त्या नाहीत. चूक त्यांच्या हातून झाली असावी. कॅरोलबाईनं "आय ॲम सॉरी" म्हटलं आणि माझ्याकडे वळली. "असंच झालं का?"

मी मान हलवली. मान हलवायला इंग्रजी यावं लागत नाही.

सुलभाची तब्येत ठणठणीत होती. तिच्या हातून उतरवताना कधी एक आकडा चुकला नाही. जी बाई "डोळ्यांनी का?" विचारल्याशिवाय पेन पुढं नेत नव्हती, तिला मी चार माणसांसमोर चुकार ठरवून आलो. ऑफिसातून घरी चालत आलो. सून म्हणाली, "बाबा, मीटिंग कशी झाली?" मी म्हणालो, "चांगली झाली." नातीनं विचारलं, "आबा, आर यू ओके?" तिलाही तेच सांगितलं. जेवायला बसलो आणि जेवलोसुद्धा. भेंडीची भाजी होती. दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पुढं कामाचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी त्याच्यात घोटाळा नको. मोळी अडकली. मंदारला माझी सगळी घरं दुसऱ्या माणसाकडून परत बघून घ्यावी लागली. बाकीची सगळी जशीच्या तशी बरोबर निघाली. पण त्यात पावसाळे गेले, आणि नव्या दिव्यांची वाट बघणाऱ्यांना अजून वाट बघावी लागतेय. त्यांच्यातल्या कुणाला मराठी वाचता येत नाही, म्हणून माफी मागायची सोय नाही. माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. मंदार माझ्याशी बोलतो, पण काका म्हणताना आता "यार" म्हणत नाही.

त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला उठलो, दाढी केली आणि कॅरोलबाई उतरली होती त्या मोटेलकडे चालत निघालो. तिचं विमान दुपारचं आहे, हे मंदारच्या बोलण्यातून कळलं होतं. गाड्यांच्या शोरूम उघडायच्या होत्या, पाइप घेऊन माणसं गाड्या धूत होती. काय बोलायचं ते इंग्रजीत जुळवत होतो. चार वाक्यं जुळली. मोटेलच्या दारापर्यंत त्यातली दोन विसरलो.

ती नाश्त्याच्या खोलीत कागदी ताटलीत वॉफल घेऊन बसली होती. समोर आमचे फॉर्म पसरलेले. मला बघून तिला नवल वाटलं नाही. समोरची खुर्ची पायानं मागं ढकलून दिली.

मी उभ्यानंच बोललो. "माय वाइफ नो मिस्टेक. शी राइट व्हॉट आय से. आय से राँग. आय नॉट गो."

"का नाही गेलात?"

"पाण्याला भितो," मी म्हणालो. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं, ते वॉफल खाणाऱ्या परक्या बाईला.

तिनं ताटली बाजूला सारली. "बसा," म्हणाली. "मी काल संध्याकाळी एक गोष्ट बघितली. तुमचे बाकीचे सगळे फॉर्म, सहाही बेटांचे, बघा." तिनं एक काढला आणि सुलभाच्या अक्षरातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. जोडून लिहिलेलं इंग्रजी मला वाचता येत नाही. तिनं वाचून दाखवलं. "'सीन बाय सर्वेअर.' सर्वेअरनं पाहिलं. सगळ्यांवर हेच आहे. आता हे अकरा बघा." पिवळ्या दाराचा फॉर्म तिनं वर ठेवला. "'ॲज टोल्ड बाय सर्वेअर.' सर्वेअरनं सांगितल्यावरून. अकराही फॉर्मांवर. फक्त ह्याच अकरा. कॉपी करताना चुकणारी बाई असं लिहीत नाही."

मी त्या ओळीकडे बघत बसलो. तलाठ्याच्या पोरीला पंचनामा कसा लिहितात ते सांगावं लागत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं असलं तर "समक्ष पाहिले." दुसऱ्यानं येऊन सांगितलं आणि लिहिणाऱ्याचा विश्वास बसला नाही, तर "सांगितल्यावरून लिहिले." तिनं पहिल्याच घराला ओळखलं होतं. पेन बाजूला ठेवून हसली, आंघोळीचं विचारलं, भांडणात कुणाचं बरोबर होतं ते विचारलं, आणि खाली प्रत्येक वेळी खरं तेच लिहून ठेवलं. मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलणार होती का, माहीत नाही. मला सांगायला वेळ देत होती का, तेही माहीत नाही.

कॅरोलबाईनं मला कागदी रुमाल आणून दिले. मग तिच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "नियम असा आहे की प्रत्येक घर वेगळं रद्द करायला लागतं. मी नाव वाचते. तुम्ही काय ते सांगा."

"वाचा," मी म्हणालो.

तिनं पहिलं नाव वाचलं. मी म्हणालो, हे घर मी पाहिलं नाही. तिनं लिहिलं, मी सही केली. तिनं दुसरं नाव वाचलं. हे घर मी पाहिलं नाही. असं अकरा वेळा म्हणालो.